पंधरा मिनिटांनी करा

सुलेमान मुकादम दोह्याला गेले ते दोन वर्षांसाठी. आता दोन वर्षांची चौदा कशी होतात हे हर्ण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिली दोन घराच्या कौलांसाठी, पुढची दोन बहिणीच्या लग्नासाठी, मग विहिरीच्या पंपासाठी, मग दुसऱ्या बहिणीच्या लग्नासाठी. एकदा माणूस तिथे रुळला की मग कारणही लागत नाही, नुसती सवय पुरते.

त्यांची एकुलती एक मुलगी इशरत तेव्हा पाच वर्षांची होती. आता ती एकोणीसची झाली होती आणि रोज सकाळच्या एसटीनं दापोलीच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला जात होती. मधल्या काळात अब्बा सहा वेळा येऊन गेले, दर वेळी पंचेचाळीस दिवस. एकदा अर्थशास्त्राच्या तासाला कंटाळून तिनं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, तर उत्तर आलं दोनशे सत्तर दिवस. म्हणजे नऊ महिने. नऊ महिन्यांत फार तर माणूस जन्माला येतो हो, त्याची ओळख कुठून व्हायची? अब्बांचा आवाज तिला पाठ होता, पण ते चहात साखर किती घेतात हे अम्मीला विचारावं लागे.

तर त्या आवाजाची भेट दर शुक्रवारी चारच्या सुमारास, शेजारच्या इफ्फतखालाकडे. मुकादमांनी फोनसाठी अर्ज केला होता, पण तो अर्ज अजून रांगेत उभा होता. इफ्फतखालाचा फोन भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला असे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर स्वतः खाला बसलेली असे. फोन तिच्या घरात आहे म्हटल्यावर तिनं उठून जावं अशी अपेक्षा करणंच चूक. उलट इशरत बोलत असताना खाला कोपर मारून सांगायची, "विचार गो, तिथं गर्मी कितपत हाय ते विचार." चार मिनिटांपैकी अडीच अम्मीची, अर्धं गर्मीचं, आणि राहिलेल्या एका मिनिटात इशरतनं आपल्या बापाशी काय ते बोलून घ्यायचं.

अशाच एका शुक्रवारी, दोन हजार एक सालच्या जानेवारीत, अब्बा हसत हसत म्हणाले, "तू कमवायला लागलीस ना बाय, की त्याच दिवशी मी बॅग भरतो."

आता गल्फमधली माणसं असं म्हणतातच. आपण नाही का वाटेत भेटलेल्या माणसाला "या एकदा जेवायला" म्हणत? म्हणून काय तो दुसऱ्या दिवशी पानावर येऊन बसतो? पण इशरत बसली. तिनं ते वाक्य वहीत तारखेसकट लिहून ठेवलं आणि संध्याकाळी अम्मीला जाहीर केलं, "मी नोकरी करणार. अर्धवेळ. कॉलेज सांभाळून."

"अगो, ते आपलं बोलण्यात बोलले," अम्मी म्हणाली. "तू काय मनावर घेतेस?"

असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून अब्बांच्या दोन लुंग्या आणि चौकड्यांचा शर्ट काढून उन्हात घातला. कसर लागते म्हणे. इशरतनं ते पाहिलं आणि ऊन उतरल्यावर ते कपडे घडी घालून आत आणले. दोघींनाही तोच माणूस हवा होता, आणि ही गोष्ट एकमेकींना सांगायची दोघींनाही लाज वाटत होती.

पहिला प्रयत्न शिकवणीचा. इफ्फतखालाचाच सल्ला तो. मोहल्ल्यातली सहा पोरं जमली, ओटीवर चटई टाकली, पाढे सुरू झाले. महिना संपला. आता शेजारच्या मुलीच्या हातावर नोटा ठेवायच्या म्हणजे तिचा अपमानच की! कुठल्याही भल्या घरातली बाई असं करणार नाही. म्हणून सहाही आयांनी सुकी मासळी पाठवली. कुणी बोंबील, कुणी सोडे, एकीनं तर पिशवीभर सुकट. दुसऱ्या महिन्यात घरात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि कॉलेजात इशरतच्या बाकावर शेजारी बसायला मैत्रिणी कां कूं करायला लागल्या. "अब्बांना काय सांगू?" तिनं अम्मीला विचारलं. "मी दोन किलो सोडे कमवायला लागले, या परत?"

दुसरा प्रयत्न कॉलेजातच. गरजू विद्यार्थ्यांना तिथे ग्रंथालयात दोन तास काम मिळत असे. कारकुनानं फॉर्म पाहिला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं. "परदेशी? मग बाई, काम तुम्हीच आम्हाला द्यायला हवं." बऱ्याच विनवण्यांनंतर त्यानं सांगितलं की उत्पन्नाचा दाखला आणा, मग बघू. दाखल्यासाठी ती तालुक्याच्या कचेरीत गेली तर तिथे कळलं की अर्जावर वडिलांची सही लागते, आणि सही समक्ष करायला लागते. इशरत घरी आली आणि पायरीवर बसून तिनं शांतपणे विचार केला. नोकरीला दाखला हवा. दाखल्याला अब्बा हवेत. अब्बांना यायला आपली नोकरी हवी. तिनं तीनदा उलटसुलट करून पाहिलं, तरी उत्तर काही सुटेना.

तिसरा प्रयत्न महिपतच्या नर्सरीत. हा महिपत दापोलीच्या वाटेवर आंब्याची कलमं विकायचा. त्याला कलमांना बांधायच्या चिठ्ठ्या लिहून हव्या होत्या, आणि इशरतचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. तीन दुपारी बसून तिनं तीनशे चिठ्ठ्या लिहिल्या. हापूस, पायरी, केशर, रत्ना. शाईच्या पेनानं, कारण सुवाच्य अक्षराला शाईचं पेनच शोभतं असं तिचं तत्त्व होतं. चौथ्या दिवशी स्वतःच्या हातानं तिनं त्या एकेका कलमाला बांधल्या. संध्याकाळी महिपतनं नेहमीप्रमाणे नळी लावून सगळ्या कलमांना आंघोळ घातली.

सकाळी तीनशे कलमं पांढऱ्याशुभ्र चिठ्ठ्या बांधून उभी होती. महिपत डोक्याला हात लावून त्यांच्यामधून फिरत होता. बरं, तोही माणूस भला. ओरडला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "बाय, आता पाच वर्षांनी आंबे लागतील, तेव्हा कळेल कोण कोण हाय ते." हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. इशरत एसटीत खिडकीला डोकं लावून रडली. कंडक्टरला वाटलं परीक्षेत नापास झाली, त्यानं आसूदपर्यंत तिला आपल्या भावाच्या तीनदा नापास होण्याची हकिकत सांगितली.

शेवटी वाट दाखवली ती दीप्ती तांबेनं. दीप्ती इशरतच्या वर्गातली, एकाच एसटीनं जाणारी. तिचे वडील काशीराम तांबे तालुक्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि हर्णे बंदराच्या रस्त्यावर त्यांनी पिवळ्या पाटीचं एसटीडीचं बूथ टाकलं होतं. "बाबांना दुपारी माणूस हवाय," दीप्ती म्हणाली.

"मग तू का नाही बसत?"

"बसले होते ना चार दिवस. पाणी प्यायला घरी गेले तर रजेचा अर्ज मागितला."

काशीरामकाका इशरतला तिच्या जन्मापासून ओळखत. दर ईदला शीरखुर्मा प्यायला येत आणि दुसरी वाटी मागून घेत. पण नोकरी म्हटल्यावर ओळख बाजूला. त्यांनी तिच्याकडून अर्ज घेतला, सविनय, विषयासकट. मग मुलाखत. टेबलापलीकडे बसून, चष्मा पुसून, त्यांनी विचारलं, "आपलं पूर्ण नाव?"

"काका, मी इशरत."

"पूर्ण नाव."

"इशरत सुलेमान मुकादम."

"चारित्र्याचा दाखला आणलाय?"

दाखला हा शब्द ऐकला की इशरतला आता घाम फुटत असे. "तो कोण देतं काका?"

"कुणीही प्रतिष्ठित नागरिक. निवृत्त शासकीय कर्मचारी चालतो."

"मग तुम्हीच द्या ना."

काकांनी क्षणभर विचार केला. नियमात कुठे अडत नव्हतं. त्यांनी कागद ओढला आणि सदर मुलीस आपण लहानपणापासून ओळखतो, ती सद्वर्तनी आहे, असं लिहून सही केली. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरून खाली वाचला, सही खरी असल्याची खात्री करून घेतली आणि फाइलला लावला. "ठीक आहे. तीन महिने परिविक्षाधीन. दुपारी दोन ते सात. परिविक्षेत रजा नाही."

त्या दिवशी इशरत घरी पळत आली. अम्मीनं तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि लगेच बजावलं, "अब्बांना आत्ताच नाही सांगायचं. त्यांना वाटेल आपला पैसा घरी पुरत नाही. तीन महिने होऊ देत, पक्की हो, मग सांगू."

"पण मीच सांगणार."

"तूच सांग, बाय. तुझ्याच तोंडून ऐकू दे त्यांना."

इथवर सगळं छान झालं. पण नोकरीत एक मेख होती, आणि ती कळायला पहिला शुक्रवार उजाडावा लागला.

त्या बूथचा धंदा बाहेर फोन लावण्यापेक्षा बाहेरून आलेल्या फोनांचा जास्त. घराघरांतून माणसं कतार, कुवेत, मस्कतला, आणि फोन मोजक्या घरांत. म्हणून तिकडून माणूस बूथवर फोन करी आणि सांगे, अमक्याच्या घरातून तमकीला बोलवा. बूथवाला म्हणे, "पंधरा मिनिटांनी करा." मग कुणीतरी धावत जाऊन त्या बाईला घेऊन यायचं. ती धापा टाकत काचेच्या केबिनमध्ये शिरली की बरोबर फोन वाजायचा. हे धावत जाणारं कुणीतरी म्हणजे आता इशरत. आणि तिकडे सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे शुक्रवारी साडेतीन ते सहा फोनांची नुसती झुंबड. त्यातच बंदरावर मासळीच्या लिलावाची वेळ, म्हणजे निम्म्या बायका घरी नाहीत, लिलावात. टोपल्या, बर्फ, बैलगाड्या, ओरडा, त्यातून इशरत वाट काढत चालली आहे आणि हाका मारते आहे, "सकीनाभाबी! कुवेत!"

आणि शुक्रवारी चार वाजताच इफ्फतखालाच्या रुमालाखालचा फोन वाजत होता.

पहिल्या शुक्रवारी तिनं दहा मिनिटं मागितली. काका कामाच्या वेळात तिला आडनावानंच हाक मारत. "मुकादम," ते म्हणाले, "आपणच गेलात तर बोलवायला कोण जाईल?" बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या शुक्रवारी तिनं विचारलंच नाही. बाहेर फोन लावायचा तर दोह्याचं एक मिनिट म्हणजे तिची आख्खी दुपार. तिकडे अम्मी फोनवर सांगत होती, इशरतला जादा तास आहे. इफ्फतखालाला गप्प बसवणं हे अम्मीनं त्या वर्षात केलेलं सर्वांत मोठं काम. बूथवर येणाऱ्या बायका आपल्या नवऱ्यांना सांगतील म्हणाल, तर त्यांना स्वतःचंच बोलून पुरत नसे. त्या मुकादमांच्या मुलीची बातमी कुठून देणार?

तिसरा शुक्रवार गेला, चौथा गेला. रात्री जेवताना इशरत विचारायची, "काय म्हणाले?"

"विचारत होते, शुक्रवारी कॉलेजात असं काय शिकवतात म्हणून."

"हसले?"

"हसले." मग भात वाढता वाढता अम्मी म्हणायची, "आवाज बसलेला वाटला."

दुसऱ्यांच्या बायकांना दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे आवाज आणून देता देता इशरतच्या कानातून स्वतःच्या बापाचा आवाज पुसट व्हायला लागला. ती काचेबाहेर उभी राहायची आणि आत बोलणाऱ्या बाईचा चेहरा पाहायची. रडणाऱ्या असत, भांडणाऱ्या असत. एक तर तीन मिनिटं नुसता रिसीव्हर धरून उभी राहायची, काही न बोलता, आणि बाहेर येऊन म्हणायची, "बरं वाटलं." इशरतला तिचा इतका हेवा वाटायचा की विचारू नका. ज्यासाठी ही नोकरी धरली तेच नोकरीनं काढून घेतलं, आणि ते सांगायचं तरी कुणाला? नोकरी सोडावी तर अब्बा येणार नाहीत. धरावी तर त्यांचं ऐकूही येणार नाही. आणखी दोन महिने, ती स्वतःला बजावायची. पक्की झाले की सांगेन.

सातवा शुक्रवार. त्या दिवशी बंदरात मासळी अमाप आली होती आणि बूथवर माणसांचा ढीग होता. टेबलावरचा फोन खाली ठेवला की वाजत होता. इशरतच्या एका हातात पेन्सिल, खांद्याला लावलेला रिसीव्हर, दुसऱ्या हातानं कुणाला तरी बिल. मस्कतहून कुणी, दोह्याहून कुणी. नाव, घराची खूण, कुणाला बोलवायचं. कान तेवढंच ऐकायला शिकलेले. आवाज जाड की बारीक, ओळखीचा की परका, ते ऐकायला वेळ कुणाला होता? साडेपाचला, कॉलेजातली पोरं घरी पोचायच्या वेळेला, तिसरा फोन आला. लाइन खरखरत होती. पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "ताई, मशिदीच्या मागं मुकादमांचं घर हाय. तिथून इशरतला बोलवाल काय? फक्त तिलाच. तिच्या आईला नको."

"पंधरा मिनिटांनी करा, बोलावते," इशरत म्हणाली आणि फोन ठेवला.

हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं. सात आठवडे रोज दुपारी तेच वाक्य म्हटलं की तोंड आपोआप बोलतं. बापही चुकलाच म्हणा. मुलीचा कामाचा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता, आणि बापाचा परक्याशी बोलायचा अदबीचा आवाज तिनं.

तिनं तीन चिठ्ठ्या मुठीत धरल्या आणि निघाली. एकीला लिलावातून काढली, दुसरीला न्हाणीतून. दोघींना बूथकडे पिटाळून ती मशिदीच्या मागच्या गल्लीत वळली, फाटकाशी थांबली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडली, "मुकादमांकडे कोण हाय का? दोह्याहून फोन आलाय! इशरतला!"

अम्मी हात पुसत बाहेर आली. तिनं फाटकातल्या मुलीकडे पाहिलं, मग गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं.

"अगो," ती म्हणाली, "इशरत तर तूच."

इशरतनं मुठीतली चिठ्ठी उलगडली. स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: दोहा. मुकादम, मशिदीमागे. इशरत. फक्त तिलाच. तिनं ते दोनदा वाचलं. अब्बा होते. अब्बांनी तिला ताई म्हटलं, आणि तिनं त्यांचा फोन ठेवून दिला.

मग जी धावली ती! शेजारच्या खिडकीतून इफ्फतखाला ओरडली, "काय झालं गो, कोण गेलं?" पण उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. मागून अम्मी, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्यात इशरतची. हर्ण्याच्या भर लिलावातून मायलेकी धावत गेल्या. एका कोळणीनं तर लिलाव थांबवून विचारलं, "कुठं आग लागली?"

बूथमध्ये केबिन भरलेली होती. आतल्या बाईचं कुवेत चाललं होतं. इशरत काचेवर हात ठेवून उभी राहिली. फोन मोकळा नसेल तर अब्बांना लागणार कसा? आणि एकदा नाही लागला की ते पुन्हा करतील का? "काका, माझा फोन आहे," ती म्हणाली. "माझा. अब्बांचा."

काशीरामकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मागं धापा टाकणाऱ्या अम्मीकडे पाहिलं. मग अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या त्या माणसानं उठून केबिनचं दार उघडलं आणि आतल्या बाईला सांगितलं, "सकीनाबाई, लाइनमध्ये बिघाड आहे. ठेवा." लाइन ठणठणीत होती. सकीनाभाबीनं पाहिलं आणि मुकाट्यानं ठेवला.

फोन वाजला. इशरत आत शिरली, दार ओढलं. अम्मी बाहेर काचेला नाक लावून उभी. टेबलावर त्याच लाइनीचा जोडफोन होता. काकांनी तो उचलून कानाला लावला. लाइन नीट चालते की नाही हे पाहणं मालकाचं कर्तव्य असतं, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"अब्बा."

"इशरत? आलीस बाय? तुझी आई संगती नाही ना?"

इशरतनं काचेतून बाहेर पाहिलं. "बाहेर हाय. ऐकू नाही जात."

"मग ऐक." आवाज खरंच बसलेला होता. "तू शिकलेली हायस, तूच समजावशील तिला. बाय, कंपनी बंद झाली. चार महिने झाले. मी सांगितलं नाही. सकाळी दोन तास एका दुकानात खोकी लावतो, संध्याकाळी दुसरीकडे गाड्या धुतो. ते पार्ट-टाइम म्हणतात ना, तसलं. रोज नवं शोधायचं. या वर्षी यायचं होतं. पण असा हात हलवत कसा येऊ? चौदा वर्षांनी लोक विचारतील, काय आणलंस."

इशरतनं आपलं भाषण महिनोन्महिने तयार करून ठेवलं होतं. आरशासमोर म्हटलं होतं, एसटीत म्हटलं होतं. अब्बा, तुम्ही म्हणाला होतात, मी कमवायला लागले, आता बॅग भरा. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"अब्बा," ती म्हणाली, "मघाशी फोन उचलला ना, ती ताई मीच होते."

"म्हणजे?"

"मी इथं कामाला हाय. सात आठवडे झाले. तुम्ही म्हणालात इशरतला बोलवा, म्हणून मी घरी गेले मला बोलवायला."

मग अब्बा हसायला लागले. बसलेल्या आवाजातलं, खोकला मिसळलेलं, मोठं हसू. सात शुक्रवार तिनं ज्याच्यासाठी काढले होते ते हसू तिच्या कानात आलं आणि तिनं रिसीव्हर इतका घट्ट धरला की बोटं दुखली. "भेटलीस काय मग घरी?" ते म्हणत होते. "होतीस काय तू घरी?" आणि हसता हसता ते कधी रडायला लागले हे दोघांनाही कळलं नाही.

"शुक्रवारी म्हणून नव्हतीस तू," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, माझ्यावर रागावलीस. मोठी झालीस, आता बापाशी बोलायला काय नाही राहिलं तुझ्याकडं."

"नाही अब्बा. नाही हो."

मग सुलेमान मुकादमांनी, ज्यांना चौदा वर्षं घरातली दोन माणसं दर आठवड्याला विचारत आली होती की कधी येता, अगदी हळू विचारलं, "मग… मी असाच येऊ काय गो? रिकामा? चालेल तुम्हाला?"

इशरतनं मान हलवली. जोरजोरात, पुन्हा पुन्हा, डोळ्यांतलं पाणी गालांवर उडेपर्यंत ती मान हलवत राहिली. पलीकडून आवाज आला, "बाय? हायस काय? फोन कट झाला काय?"

काशीरामकाकांनी जोडफोनच्या तोंडावर हात दाबला, खुर्ची मागं लोटली आणि काचेवर दणादणा मूठ आपटली. त्यांचा चष्मा पार धुक्यानं भरला होता.

"अगो इशरत!" ते ओरडले. "मान काय हलवतेस? दोह्याला दिसते होय ती? तोंडानं हो म्हण!"

इशरतनं रिसीव्हर दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"या," ती म्हणाली. "आहात तसे या अब्बा. आजच्या आज या."